सोया सुरू केलं आणि सगळंच बिघडलं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ४१. दूध पचेनासं झालं म्हणून या ताईंनी अडीच महिन्यांपूर्वी सगळं घर सोयाकडे वळवलं. सकाळी थायरॉइडची गोळी आणि तिच्या पाठोपाठ सोया दुधाची कॉफी, दुपारी पन्नास ग्रॅम सोया चंक्सची भाजी, संध्याकाळी मूठभर भाजलेलं सोयाबीन, झोपताना पुन्हा पेलाभर सोया दूध, व्यायामाच्या दिवशी वर एक स्कूप प्रोटीन पावडर. सुट्टीच्या दिवशी यजमान घरीच सोयाबीन वाटून दूध काढतात. पहिल्याच आठवड्यापासून त्यांचं पोट फुगतं, हल्ली थकवा जात नाही, एकदा पाळी आठवडाभर लांबली. घरी काढलेल्या दुधाने दोघांनाही मळमळतं. त्यातच तेरा वर्षांच्या मुलाच्या छातीत, स्तनाग्राच्या मागे दुखरी गाठ लागली. यजमान जेवताना म्हणाले, ‘सोया पिऊन पोरगं बायकी होतंय’ आणि मुलगा ताटावरून उठून गेला. नणंद सांगते, सोयाने तिचं कोलेस्टेरॉल उतरलं. मैत्रीण सांगते, सोयाने तिचा थायरॉइड बिघडला. ताईंनी इंटरनेटवर रात्र रात्र लोकांचे अनुभव वाचले आहेत आणि त्या विचारतात, ‘कुणाचं खरं मानू? सोया चालू ठेवू की बंद करू?’

ताई,

नणंदेचं खरं माना आणि मैत्रिणीचंही. दोघींना जे झालं ते झालंच आहे. कोलेस्टेरॉल उतरलं हा कागदावरचा आकडा आहे, थायरॉइडचे रिपोर्ट बिघडले हाही कागदावरचाच. प्रश्न येतो तो पुढच्या शब्दापाशी, ‘सोयाने’. काय झालं हे अनुभव घेणारा माणूस सांगू शकतो. ते कशामुळे झालं हे मात्र त्याने मागाहून लावलेलं असतं, आणि तिथे माझी, तुमची, सगळ्यांचीच गफलत होऊ शकते.

तुम्ही वाईट अनुभवांना दहा प्रश्न विचारले आहेत, चांगल्यांना एकही नाही. नणंदेने सोया सुरू केलं तेव्हा ताटातून काय काढलं? तळलेलं, तूप-लोण्यातलं, चरबीचं मांस कमी केलं असेल तर कोलेस्टेरॉल उतरायला तेवढंही पुरतं. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने १९९९ साली ‘दिवसाला २५ ग्रॅम सोया प्रथिनं हृदयविकाराचा धोका कमी करू शकतात’ असं पाकिटावर छापायला परवानगी दिली आणि २०१७ साली तीच परवानगी काढून घ्यायचा प्रस्ताव मांडला, कारण नंतरच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळेनात. सोयाने वाईट कोलेस्टेरॉल थोडं उतरतं, साधारण तीन-चार टक्के. नणंदेचं त्याहून बरंच जास्त उतरलं असेल तर सोयाला श्रेय द्या, पण सगळं देऊ नका.

आता तुमच्याकडे येते. पत्रात एक ओळ तुम्ही ओझरती लिहून पुढे गेलात आणि माझी नजर तिथेच अडकली: गोळी आणि तिच्या पाठोपाठ सोया दुधाची कॉफी.

लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडची नेहमीची गोळी, शोषली जाण्याच्या बाबतीत फार नाजूक असते. ती रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर निदान अर्धा ते एक तास काही खायचं-प्यायचं नाही. सोयामुळे ती आतड्यातून कमी शोषली जाते. विकतच्या सोया दुधात बहुधा कॅल्शियम घातलेलं असतं, तेही तिला धरून ठेवतं. कॉफीही तिच्या आड येते. म्हणजे तुमच्या कपात एकाच वेळी तीन अडथळे आहेत. अडीच महिने गोळी गिळली जात होती, पण पुरती अंगी लागत होती का, याची मला शंका आहे. आणि थायरॉइडचं संप्रेरक कमी पडलं की काय होतं? थकवा येतो, पोट जड होतं, साफ होत नाही, पाळी मागेपुढे होते. तुमच्या पत्रातली निम्मी यादी हीच आहे.

कदाचित मैत्रिणीचंही असंच झालं असेल. तीही गोळी घेत असेल, सोयाही घेत असेल, आणि टीएसएच (थायरॉइड कमी पडला की रक्तात वाढणारं संप्रेरक) चढल्यावर ‘सोयाने थायरॉइड बिघडवला’ असा निकाल तिने लावला असेल. थायरॉइड ग्रंथी निरोगी असेल आणि जेवणात आयोडीन पुरेसं असेल, तर सोयाने ती बिघडत नाही, असंच आजवरचे अभ्यास सांगतात. तिला एकदा विचाराच, गोळी कधी घेतेस आणि त्यानंतर पहिला घोट कशाचा घेतेस.

तर उद्यापासून एवढंच करा. सकाळी गोळी पाण्याबरोबर, एक तासाने कॉफी, पण सोया दुधाशिवाय. सोया आणि कॅल्शियमचं जे काही असेल ते गोळीनंतर चार तासांनी. त्यामुळे दुपारचे चंक्स चालतील, रात्रीचं दूधही चालेल. काही जण डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी झोपताना घेतात. तसं करायचं असेल तर जेवण होऊन तीन-चार तास गेलेले हवेत आणि झोपतानाचं सोया दूध बंद करावं लागेल. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासून घ्या. त्याआधी तपासून उपयोग नाही, या औषधाची रक्तातली पातळी स्थिरावायला तेवढा वेळ लागतो. डोस स्वतःहून वाढवू नका, आणि सोया घेता हे डॉक्टरांना सांगा. सोया चालू असताना डोस वाढवून घेतला आणि मग एक दिवस सोया बंद केलं, तर तोच डोस जास्त होतो आणि छाती धडधडायला लागते. म्हणून गोळी घेणाऱ्या कुणीही सोया एकदम सुरू किंवा एकदम बंद करू नये. रोजचं प्रमाण साधारण सारखं ठेवावं.

यावर तुम्ही म्हणाल, पोट तर पहिल्याच आठवड्यात फुगलं होतं, गोळीचा परिणाम दिसायला तेवढा वेळ कुठे झाला होता? बरोबर आहे. त्याचं कारण वेगळं आहे, आणि इथे सोयाला निर्दोष सोडायचं कारण नाही. सोयाबीनमध्ये रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या शर्करा असतात. त्या तोडणारं एन्झाइम माणसाच्या आतड्यात तयारच होत नाही. त्या तशाच मोठ्या आतड्यात उतरतात, तिथले जिवाणू त्यांवर तुटून पडतात आणि वायू होतो. कुठल्याही कडधान्याने होतं तेच. फरक इतकाच, की कडधान्य कुणी दिवसातून चार वेळा खात नाही.

तुमच्या दिवसाची बेरीज करून पाहिली. दोन पेले दूध म्हणजे पंधरा-सोळा ग्रॅम प्रथिनं, पन्नास ग्रॅम कोरड्या चंक्समधून पंचवीस, मूठभर भाजलेल्या सोयाबीनमधून दहा-अकरा. झाले पन्नासच्या वर, तेही फक्त सोयाचे. व्यायामाच्या दिवशी पावडर धरून सत्तरच्या पुढे. साठ किलोच्या निरोगी प्रौढ माणसाची दिवसाची किमान गरज पन्नास ग्रॅमच्या आतबाहेर असते. दूध पचत नव्हतं, ठीक. पण ही पोकळी भरताना तुम्ही घागरीला नळ जोडून दिलात! हे सगळं शून्यावरून, एकाच आठवड्यात. कुठलंही पोट कुरकुरेल.

पोट फुगणाऱ्या प्रत्येकीला सोया ‘मानवत नाही’ असं नसतं, बऱ्याचदा सोयाचा एखादा प्रकार मानवत नाही. सोया म्हणजे एक वस्तू नव्हे, हे अनुभव वाचताना कायम विसरलं जातं. टोफू करताना दुधाचं पाणी निथळून जातं आणि वायू करणाऱ्या शर्करांचा मोठा भाग त्या पाण्याबरोबर जातो, म्हणून चंक्सने हैराण होणाऱ्यांना टोफू बहुधा सोसतो. टेंपेसारख्या आंबवलेल्या प्रकारात बुरशी ते काम आधीच थोडंफार करून ठेवते. भाजलेलं अख्खं सोयाबीन मात्र सगळ्यात जड. प्रोटीन पावडरच्या डब्यावरची यादीही वाचा. त्यात चिकोरीचा तंतू, इन्युलिन किंवा साखरेऐवजी वापरलेले ‘शुगर अल्कोहोल’ (सॉर्बिटॉलसारखे गोड पदार्थ, दारू नव्हे) असतील तर पोट त्यांनीच फुगत असेल आणि शिव्या सोयाला बसत असतील.

चंक्स कसे शिजवता तेही बघा. भरपूर पाण्यात पाच-सात मिनिटं उकळा, पाणी ओतून द्या, गार पाण्यात टाका आणि मग एकेक मूठ घेऊन पिळा. पहिल्या पिळ्याला पिवळसर, फेसाळ, उग्र वासाचं पाणी निघतं. ते निवळेपर्यंत दोन-तीनदा पाणी बदला. हाताला चंक्स स्पंजासारखे कोरडे लागले की मग भाजीत घाला. वास जातो, पोटालाही सोपं पडतं. आणि प्रमाण कोरड्या वजनावर मोजा, भिजून ते दुपटी-तिपटीने फुगतात. मी तुमच्या जागी असते तर भाजलेलं सोयाबीन आणि पावडर लगेच थांबवली असती, चंक्स पंचवीस-तीस ग्रॅमवर, तेही एक दिवसाआड आणले असते, आणि पोट शांत झाल्यावर एका वेळी एकच गोष्ट वाढवून पाहिली असती. सगळं एकदम बंद केलंत आणि बरं वाटलं, तर कशामुळे ते कळणार नाही.

आता घरच्या दुधाची मळमळ. यजमान हौसेने दूध काढतात, चांगलंच आहे, पण तुम्ही लिहिलंय की ‘फेस भांड्याच्या काठावर आला की ते गॅस बंद करतात’. सोया दूध इथेच फसवतं. त्यातल्या सॅपोनिन नावाच्या घटकामुळे ते खरं उकळायच्या बरंच आधी, ऐंशी-नव्वद अंशांना, फेसाळून वर येतं. दिसायला उकळी, प्रत्यक्षात दूध कच्चंच. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचवणाऱ्या ट्रिप्सिन या एन्झाइमला अडवणारे घटक असतात, ते पुरेशा उष्णतेनेच निकामी होतात. अर्धकच्च्या सोया दुधाने मळमळ, उलटी, जुलाब होणं हे जुनं, ओळखीचं दुखणं आहे. मोठं भांडं घ्या, फेस आला की आच कमी करा, ढवळून फेस बसवा आणि खरी उकळी फुटल्यावर मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं ढवळत राहा. सोयाबीन रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्या. वाटताना पाणी उकळतं घेतलं तर तो कच्चट वासही कमी येतो, कारण तो वास तयार करणारं लायपॉक्सिजनेझ हे एन्झाइम उष्णतेने लगेच मरतं. घरच्या दुधात वरून घातलेलं कॅल्शियम नसतं, हेही ध्यानात असू द्या. विकतच्या दुधातलं कॅल्शियम तळाशी बसतं, तेव्हा डबा दर वेळी हलवून घ्या, नाहीतर ते तळाच्या गाळात राहतं आणि डब्याबरोबर कचऱ्यात जातं.

पाळीचं सांगते. एकदा आठवडाभर लांबली एवढ्यावरून काहीच ठरत नाही. एकेचाळिसाव्या वर्षी पाळी अधूनमधून हुलकावणी देते, थायरॉइड कमी पडला तरी देते. सोयाचा परिणाम अगदीच नाही असंही नाही. पाळी चालू असलेल्या स्त्रियांवरचे अभ्यास एकत्र केले तर चक्र सरासरी सुमारे एका दिवसाने लांबलेलं दिसतं. एक दिवस, आठवडा नव्हे. पुढचे तीन महिने तारखा लिहून ठेवा आणि तरीही गडबड दिसली तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

पत्रातलं मला सगळ्यात जास्त लागलेलं आता लिहिते. तुमचा मुलगा.

वयात येणाऱ्या साधारण निम्म्या मुलांना स्तनाग्रामागे अशी दुखरी गाठ किंवा चकती लागते, बहुधा तेरा-चौदाव्या वर्षीच. कधी एका बाजूला, कधी दोन्ही. वयात येताना शरीरातल्या संप्रेरकांचा तोल काही काळ ढळतो, त्याचा हा परिणाम. बहुतेकांची गाठ सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जाते. सोयाचा थेंबही न घेतलेल्या मुलांना ती होते. तरी एकदा डॉक्टरांना दाखवा, कारण गाठ भराभर वाढत असेल, फार टणक असेल, स्तनाग्रातून स्राव येत असेल किंवा वृषणात काही वेगळं लागत असेल तर तपासण्या कराव्या लागतात. डॉक्टरांकडे त्याला आईबरोबर जायचंय की बाबांबरोबर, हे त्यालाच विचारा.

यजमानांची भीती मात्र हवेतून आलेली नाही. सोयामध्ये आयसोफ्लेव्होन नावाचे घटक असतात, जेनिस्टीन, डेडझीन वगैरे. त्यांची रचना इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाशी मिळतीजुळती असते आणि पेशींवर इस्ट्रोजेन जिथे बसतं त्या जागांना ते चिकटतात, पण जोर फारच कमी आणि वागणूकही वेगळी. २००८ साली एका वैद्यकीय नियतकालिकात साठ वर्षांच्या एका पुरुषाची हकिगत छापून आली. त्याची छाती वाढली होती, दुखत होती, रक्तात इस्ट्रोजेन चढलं होतं, आणि सोया दूध बंद केल्यावर ते उतरलं. आज इंटरनेटवर फिरणाऱ्या कित्येक भीतींचा उगम तिथे आहे. अनुभव शंभर टक्के खरा. सांगताना गळते ती एकच गोष्ट: तो माणूस दिवसाला तीन क्वार्ट, म्हणजे पावणेतीन लिटरहून जास्त सोया दूध पीत होता. याउलट २०२१ साली पुरुषांवरच्या एकेचाळीस अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सोया किंवा आयसोफ्लेव्होन घेतल्याने टेस्टोस्टेरॉनवर वा इस्ट्रोजेनवर परिणाम आढळला नाही. मुलाने दिवसाला पेलाभर दूध आणि जेवणात थोडा टोफू खाल्ला तर काळजीचं कारण मला दिसत नाही. प्रोटीन पावडरची मात्र तेराव्या वर्षी गरज नाही, सोयाची नाही आणि दुसरी कुठलीही नाही.

यजमानांना हे आकडे जरूर वाचून दाखवा. पण मुलाच्या कानावर पडलेला शब्द आकड्यांनी पुसला जाणार नाही. त्याच्या अंगात काहीतरी बदलतंय, दुखतंय, त्याला आधीच शरम वाटत असणार, आणि त्यात बापाने ताटावर सर्वांसमोर त्याला नाव ठेवलं. यजमान वाईट हेतूने बोलले नाहीत, घाबरून बोलले, हे तुमच्या पत्रातूनच कळतं. मग तेच त्यांनी मुलाला सांगावं. दोघंच असताना, फार गंभीर चेहरा न करता: ‘मी घाबरलो होतो, चुकीचं बोललो, हे निम्म्या मुलांना होतं आणि जातं.’ ही बोलणी तुम्ही त्यांच्या वतीने करू नका. तुमच्या पत्रात घरातला प्रत्येक जण काय खातो याची जबाबदारी तुमच्या एकटीच्या डोक्यावर दिसते, निदान ही एक तरी दुसऱ्याच्या डोक्यावर जाऊ द्या.

लोकांचे अनुभव इतके उलटसुलट का, असंही तुम्ही विचारलंय. काही फरक खरोखरच शरीरात असतात. डेडझीनपासून इक्वॉल नावाचा पदार्थ बनवणारे जिवाणू काहींच्याच आतड्यात असतात. पाश्चात्त्य देशांत साधारण पाव ते एक तृतीयांश लोकांत, पूर्व आशियात निम्म्या किंवा त्याहून अधिक लोकांत. तेव्हा एकीच्या रजोनिवृत्तीतल्या गरमीच्या लाटा सोयाने कमी झाल्या आणि दुसरीच्या तसूभरही नाही, तर दोघी खऱ्या असू शकतात. बाकीचे फरक सांगण्यातले असतात. पुढच्या वेळी अनुभव वाचाल तेव्हा बघा, त्या माणसाने कोणता प्रकार घेतला, किती घेतला, त्याआधी काय खात होता आणि सोबत कोणतं औषध चालू होतं, यातलं काही लिहिलंय का. नसेल तर सहानुभूती बाळगा, निर्णय त्यावर घेऊ नका.

असंच पत्र लिहायच्या बेतात असलेल्या इतरांसाठी दोन शब्द. सोया खाल्ल्यावर ओठ-जीभ सुजणं, अंगावर गांधी उठणं, दम लागणं ही ॲलर्जी असू शकते. तिथे ‘थोडं थोडं घेऊन बघू’ चालत नाही, डॉक्टर गाठायचे, आणि दम लागत असेल तर तातडीने. वर्षाच्या आतल्या बाळाला साधं सोया दूध आईच्या किंवा डब्याच्या दुधाच्या जागी द्यायचं नाही. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेत असाल तर नाट्टो हा आंबवलेला प्रकार टाळा, त्यात के जीवनसत्त्व प्रचंड असतं आणि ते या औषधाचा परिणाम कमी करतं. स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या बायका भीतीपोटी टोफूचा तुकडाही घेत नाहीत. २००९ साली शांघायमधल्या ५,०४२ रुग्ण स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात आहारातून अधिक सोया घेणाऱ्यांमध्ये कर्करोग उलटण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण उलट कमी दिसलं. हे अन्नातल्या सोयाबद्दल आहे. आयसोफ्लेव्होनच्या गोळ्या हा वेगळा विषय, त्या आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

आणि ताई, दूध पचत नाही म्हणजे सोयाच, असं कुणी सांगितलं? अडचण लॅक्टोजचीच असेल तर बऱ्याच जणांना दही सोसतं, लॅक्टोज काढलेलं दूधही मिळतं. कॉफीत तेही घालता येईल, गोळीपासून मात्र चार तास लांब, कारण कॅल्शियम त्यातही आहे. गोळीची वेळ बदलूनही दोन महिन्यांनी टीएसएच जागेवर आणि थकवा तसाच, असं झालं तर सोयाकडे बोट दाखवणं सोडा आणि हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२ तपासून घ्या. दूधदुभतं आणि मांस-अंडी कमी केलेल्यांत बी१२ बऱ्याचदा घसरतं, आणि सोयामध्ये ते मुळात नसतं.

ता. क. कॉफीत सोया दूध फाटतं, ते खराब झालेलं असतं का, असं शेवटी विचारलंय. नसतं. कॉफीचा आंबटपणा आणि उष्णता एकत्र आल्या की त्यातली प्रथिनं गोळा होतात. दूध आधी कोमट करा, ते कपात घ्या आणि जराशी निवालेली कॉफी त्यावर हळूहळू ओता. कमी आंबट, जास्त भाजलेली कॉफी घेतलीत तर आणखी बरं.